चल गं पद्मिनी!

धाराशिवच्या घरामागे 14 वर्षं उभी असलेली आजोबांची 1978ची फियाट. भंगारवाला दारात आला, भाव ठरला... आणि नातीनं पुण्याहून फोनवर ‘थांबा!’ म्हटलं. त्यानंतरचे नऊ महिने, सगळे वीकेण्ड, काळे झालेले हात आणि एका गाडीचं पुन्हा रस्त्यावर येणं...

जानेवारी 2024. शुक्रवारची संध्याकाळ, हिंजवडीचा ट्रॅफिक. अर्ध्या तासात मी बरोब्बर दोन सिग्नल पार केले होते. तेवढ्यात आईचा फोन.

‘‘अगं, भंगारवाला आलाय. आबांच्या फियाटचे 18 हजार देतो म्हणतोय. पप्पा ‘हो’ म्हणायलेत.’’

‘‘थांबा! मी उद्या येते.’’

हे मी का म्हटलं, ते तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर गेल्या दहा वर्षांत मी त्या गाडीकडे धड बघितलंसुद्धा नव्हतं. घरामागे कडुलिंबाखाली ती उभी असायची. उन्हाळ्यात तिच्या टपावर आई कुरडया वाळत घालायची. मागच्या सीटवर मांजरीची दोन बाळंतपणं झाली होती. गाडी कसली, घराचंच एक जादा खोपटं झालं होतं ते!

बरं, ती बंद पडली म्हणून उभी राहिली असंही नाही. 2010 मध्ये घरात नवी छोटी कार आली. त्याच आठवड्यात फियाटचं मागचं चाक पंक्चर झालं. पप्पा म्हणाले, ‘‘उद्या बघू.’’ त्या ‘उद्या’ला 14 वर्षं लागली!

तुमच्याही गावी, मामाच्या अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात अशी एखादी गाडी असेलच. कव्हर टाकलेली, टायर बसलेली, ‘कधीतरी करू’ या यादीत पहिल्या नंबरावर. मग ही गोष्ट तुमच्यासाठीच.

मूळची कुर्ल्याची

आधी बाईसाहेबांची ओळख करून देते. प्रीमिअर पद्मिनी. इंजिन 1089 सीसी, चार सिलिंडर, वजन जेमतेम 900 किलो. गियरची दांडी खाली नाही, स्टिअरिंगलाच. पुढची सीट सोफ्यासारखी सलग, त्यामुळे पुढे तिघं अगदी आरामात. आमच्याकडे लग्नसराईत एकूण नऊ जण बसायचे, पण ते आरटीओला सांगू नका.

हिचं आणि आमच्या भागाचं थोडं नातंही आहे. ज्यांनी 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, ते उद्योगपती वालचंद हिराचंद मूळचे आमच्या शेजारच्या सोलापूरचे. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि 1950च्या दशकात इथे फियाट 1100 तयार व्हायला लागली. पुढची दारं उलटी उघडणारी, गोलमटोल बांध्याची ती गाडी. मराठी माणसानं तिचं लाडाचं नाव ठेवलं, ‘डुक्कर फियाट’! 1964 मध्ये तिच्या जागी चौकोनी चेहऱ्याची 1100 डी आली. 1970च्या दशकात तीच आधी प्रीमिअर प्रेसिडेंट आणि मग प्रीमिअर पद्मिनी झाली. अर्थात आपल्या लोकांनी कागदावरच्या नावाकडे ढुंकूनही बघितलं नाही. शेवटपर्यंत ती ‘फियाट’च.

त्या काळात ही गाडी घेणं म्हणजे काय होतं? 1964 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी फियाट घेतली तेव्हा तिची किंमत होती 12 हजार रुपये. पंतप्रधानांकडे तेवढे पैसे नव्हते, म्हणून त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून 5 हजारांचं कर्ज काढलं. ते फेडायच्या आधीच ते गेले आणि पुढे ललिताबाईंनी पेन्शनमधून ते फेडलं. ती गाडी आजही दिल्लीत त्यांच्या स्मारकात आहे. आबांना तर पैशांच्या वर आणखी एक गोष्ट लागली, वाट बघणं. तेव्हा गाडीचं बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आबा वकील होते. उस्मानाबादच्या कोर्टात त्यांच्या तारखा पडायच्या नि कुर्ल्यात त्यांच्या गाडीची तारीख पडायची! 1978 मध्ये ती एकदाची घरी आली.

मग 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि हिचे दिवस भरत गेले. 2000च्या आसपास उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून ती तग धरून होती. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंदणी झाली 29 ऑक्टोबर 2003ला. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो आले, सगळे हळहळले, मीसुद्धा स्टेटस टाकलं. आणि तीनच महिन्यांनी माझ्याच घरची पद्मिनी 18 हजारांना निघाली होती. कुठल्या तोंडानं गप्प बसणार?

‘‘सेल्फ मारू नक्को, बेटा’’

शनिवारी घरी पोचले. मागच्या अंगणात गेले नि पहिलं काय केलं असेल? चावी घेतली, नवी बॅटरी आणायला निघाले. म्हणजे कसं, सिनेमात दाखवतात ना... हीरो चावी फिरवतो, गाडी दोनदा खोकते आणि बॅकग्राऊंड म्युझिक!

पप्पांनी शांतपणे विचारलं, ‘‘चाचांना विचारलंस?’’

चाचा म्हणजे आमच्या गावातले जुने मिस्त्री. वय सत्तरीपलीकडे. आबांच्या काळापासून ही गाडी त्यांच्याच हातची. गॅरेज म्हणजे एक शटर, एक खड्डा आणि भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने. त्यांनी माझा बॅटरीचा प्लॅन ऐकला आणि मान हलवली.

‘‘सेल्फ मारू नक्को, बेटा. चौदा वर्षं झोपलेल्या माणसाला लाथ घालून उठवतेत का?’’

त्यांनी समजावलं ते असं. गाडी इतकी वर्षं उभी राहिली की सिलिंडरच्या आतलं तेल ओघळून खाली जातं. पिस्टनच्या रिंगा कोरड्या पडतात, गंज धरतात, सिलिंडरला चिकटतात. त्यावर सेल्फ मारला की रिंग तुटते किंवा सिलिंडरवर ओरखडे पडतात. चालू होणारं इंजिन आपणच मारतो!

मग चाचांनी काय केलं? चारही प्लग काढले. प्रत्येक भोकातून थोडं थोडं तेल सोडलं आणि म्हणाले, ‘‘आता घरी जा. पुढच्या शनिवारी ये.’’ आठ दिवस नुसतं तेल मुरू दिलं. पुढच्या शनिवारी मोठा पाना लावून इंजिन हातानं फिरवायला घेतलं. आधी काहीच नाही. मग एक ‘कर्रर्र...’ आणि पाना बोटभर सरकला.

‘‘जाम नाही. जिवंत हाय,’’ चाचा म्हणाले. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं, त्यानं माझी खरी पळापळ सुरू झाली. ‘‘पण जे करायचं ते दिवाळीच्या आत. दिवाळीला मी शटर बंद करायलोय. नजर ऱ्हायली न्हाई.’’ त्यांचा मुलगा पुण्यात एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आहे. तो लॅपटॉप जोडून गाडी तपासतो. हिला लॅपटॉप जोडायला जागाच कुठेय?

म्हणजे हातात नऊ महिने, त्यातही माझे फक्त वीकेण्ड.

आधी थांबायला शिकव

माझ्या डोक्यात रंगाचा प्लॅन तयार होता. मॅट फिनिश, चकाचक अलॉय, आत म्युझिक सिस्टिम. इंटरनेटवरून फोटोसुद्धा सेव्ह केले होते. चाचांनी ते सगळे बघितले आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘थांबते का ही?’’

हा त्यांचा सगळा फंडा! आधी थांबली पाहिजे, मग पळाली पाहिजे, दिसण्याचं सगळ्यात शेवटी. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. चारही ड्रम उघडले तेव्हा आतले सिलिंडर गंजून घट्ट बसले होते. ब्रेक ऑईलचा काळा चिकट काढा झाला होता. रबरी पाइप हातात घेतला तर बिस्किटासारखा तुटला. विचार करा, मी पहिल्या दिवशी ही गाडी चालू करून रस्त्यावर काढली असती तर?

ब्रेकचे किट मी हुशारी करून ऑनलाइन मागवले. तीन आठवड्यांनी आले, साइज चुकीचा. परत पाठवायची सोय नाही. चाचा काही बोलले नाहीत, फक्त जुना सिलिंडर माझ्या हातात दिला. ‘‘हे घेऊन दुकानात जा. नाव सांगू नक्को, वस्तू दाखव.’’ दुसऱ्या आठवड्यात मी पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून रुमालात गुंडाळलेला तो सिलिंडर घेऊन फिरत होते. पाचव्या दुकानात एका काकांनी तो बघितला, न बोलता पोटमाळ्यावर चढले आणि धुळीनं भरलेला खोका घेऊन खाली आले. ‘‘किती वर्षांनी कुणीतरी मागितला हो!’’ म्हणाले. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

पुढचा धक्का पत्र्याचा. पायाखालचं मॅट उचललं तर खालून जमीन दिसली. अक्षरशः! मॅटखाली ओल साचून फ्लोअर खाऊन गेला होता. आता तुम्ही म्हणाल, पत्राच तर आहे, ठोकून द्यायचा. पण या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, खांब हाच तिचा सांगाडा. तो कुजला तर वरून कितीही चमकवा, खड्ड्यात आपटली की मोडायची भीती. म्हणून कुजलेला भाग कापून, नवा पत्रा आकार देऊन वेल्डिंग करावा लागतो. पुट्टी भरून वरून रंग मारणं म्हणजे किडलेल्या दातावर पांढरा रंग देणं! या कामालाच दोन महिने गेले. पैशांचं म्हणाल तर सगळ्यात जास्त इथेच गेले.

तेवढ्यात उंदरांनी खाल्लेलं वायरिंग इलेक्ट्रिशियननं नवं ओढलं. पेट्रोलची टाकी काढली तर आत लाल चहा. ती खडी टाकून हलवून हलवून धुतली. रेडिएटर खोलून साफ झाला. कार्ब्युरेटर मी स्वतः धुतला, चाचांच्या देखरेखीखाली. सोमवारी ऑफिसात मीटिंगमध्ये बसले तर नखांत काळं नि केसांना पेट्रोलचा वास. टीम लीडनं विचारलं, ‘‘एव्हरीथिंग ओके?’’ मी म्हटलं, ‘‘जेट चोकअप होता, आता क्लिअर आहे.’’ त्यानं पुढे काही विचारलं नाही.

आणि गियर... स्टिअरिंगच्या त्या दांडीपासून गियरबॉक्सपर्यंत जोडण्यांची एक साखळी जाते. तिच्यातले बुश झिजले की दांडी हलते, पण गियर सापडत नाही. बुश बाजारात मिळाले नाहीत. चाचा लेथवाल्याकडे जाऊन बसले, जुन्या बुशवरून अंदाज घेत नवे करून घेतले. एक बसवला, काढला, घासला, परत बसवला. असं दिवसभर. शेवटी दांडी ओढल्यावर ‘टक्’ असा आवाज आला. त्यांनी डोळे मिटून तो आवाज परत परत ऐकला. मी तो फोनवर रेकॉर्ड करून ठेवलाय. कारण हे माप कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, त्या माणसाच्या बोटांत आहे. क्यूबात हवानाच्या रस्त्यांवर 1950च्या दशकातल्या अमेरिकन गाड्या अजून टॅक्सी म्हणून धावतात, त्याचं सगळ्यांना भारी कौतुक. पार्ट मिळत नसतानाही त्या धावतात त्या अशाच बोटांवर!

जूनमधल्या एका रविवारी, पहिला पाऊस पडून गेल्यावर, चाचांनी सेल्फ मारायची परवानगी दिली. शेजारी वाळूची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा अख्ख्या गल्लीत निळा धूर आणि... धड् धड् धड्! आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पप्पा मात्र आले नाहीत. खिडकीचा पडदा तेवढा हलला.

निजामाची गाडी आणि आमची

जुलैमध्ये ऑफिसच्या कामानं हैदराबादला गेले. एक दुपार मोकळी मिळाली तर चौमहल्ला पॅलेसला गेले. तिथे निजामाची 1912ची रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट ठेवलीय. पिवळीधम्मक, मागे चक्क सिंहासनासारखी खुर्ची. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी ती बनली, पण ती पोचायच्या आधीच, 1911 मध्ये ते वारले. गाडी आली मुलाकडे, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे. हेच ते, ज्यांच्या नावावरून आमच्या गावाला उस्मानाबाद म्हणायचे! (2023 मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं.) ती गाडी उत्तम रिस्टोअर केलीय, नजर हटत नाही. आणि ती आयुष्यभरात चालली किती? 356 मैल. म्हणजे साधारण 573 किलोमीटर. माझा धाराशिव-पुणे-धाराशिव एक फेरा आणि वर थोडंसं!

मी तिथे उभी राहून आमच्या फियाटचा विचार करत होते. कोर्टाच्या तारखा, परंड्याची लग्नं, तुळजापूरचे नवस, सोलापूरचे दवाखाने... आमच्या गाडीचा मीटर इतका फिरला की शेवटी थकून बंदच पडला होता.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की मला काय हवंय. मला ती काचेमागची गाडी नको होती. कोल्हापूरच्या छत्रपतींची 1930च्या दशकातली मेबॅक बघा, शाही दसऱ्याला ती आजही दिमाखात दसरा चौकात येते. म्हणूनच तर ती लोकांना आपली वाटते. गाडी दिसण्यासाठी नाही, चालण्यासाठी असते. तिथल्या तिथे मी मॅट फिनिशचे सगळे फोटो डिलीट केले.

घरी आल्यावर दाराच्या फटीतला रंग नखानं खरवडला. पांढरा, त्याखाली करडा आणि सगळ्यात खाली फिकट निळा. आबांनी आणलेली गाडी निळी होती! पप्पा मागे येऊन उभे होते. ‘‘हाच,’’ म्हणाले. ‘‘ह्याच रंगावर मी पहिला ओरखडा पाडला होता. आबांनी कान पिळला होता.’’ बस्स, रंग ठरला.

कागदांचं ओव्हरहॉलिंग

आता तो प्रश्न, जो मला ऑफिसातल्या प्रत्येकानं विचारला. ‘‘अगं, पण 15 वर्षं झाली की गाडी भंगारात जाते ना?’’

नाही बॉस! दिल्ली आणि परिसराची गोष्ट वेगळी. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, ती संपली की गाडीची तपासणी करून दर 5 वर्षांनी नूतनीकरण करता येतं. आमच्या गाडीचं 2013 मध्ये संपलं होतं, ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. शिवाय गाडी आबांच्या नावावर आणि आबा जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणून आधी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31, मग नूतनीकरणासाठी फॉर्म 25, पर्यावरण कर, उशिराचा दंड, इन्शुरन्स, पीयूसी. आरसी बुक सापडलं ते आबांच्या खटल्यांच्या गठ्ठ्यात! ऑगस्टमध्ये गाडी टोचन करून आरटीओत नेली. तिथल्या साहेबांनी चासी नंबर ताडून बघितला, ब्रेक बघितले, खाली वाकून पत्रा बघितला. पास!

नूतनीकरणाची फी आम्ही भरली तेव्हा 5 हजार होती. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपेक्षा जुन्या कारला ती 10 हजार झालीय, तेव्हा बजेटमध्ये धरून चला.

केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम आणलाय. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर 20 हजार रुपये भरून 10 वर्षांची विंटेज नोंदणी मिळते. नव्यानं नंबर घेणाऱ्या गाडीच्या पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण मग ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं नि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आमच्या गाडीची पन्नाशी 2028 मध्ये. मी हे पप्पांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. ‘‘म्हणजे मान मिळाला की घरी बसायचं? मी आत्ता तेच करायलोय की. तिला तरी फिरू दे!’’

पितृपक्षात टेस्ट ड्राइव्ह

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार ठरला. 3 ऑक्टोबरला घटस्थापना. एकदा नवरात्र सुरू झालं की तुळजापूरच्या रस्त्यावर पायी भक्तांची अशी रीघ लागते की टेस्ट ड्राइव्ह विसरा. पण आईनं कॅलेंडर बघितलं. ‘‘पितृपक्ष चालू आहे. पितृपक्षात कुणी गाडी काढतं का?’’

पप्पा म्हणाले, ‘‘गाडी आबांचीच आहे. पितरांना काय हरकत असणार?’’ यावर आईकडे उत्तर नव्हतं.

सकाळी सहाला निघालो. मी स्टिअरिंगवर, पप्पा शेजारी, चाचा मागे. चाचांनी दोन्ही काचा खाली घेतल्या होत्या. वाऱ्यासाठी नाही, आवाज ऐकण्यासाठी. ‘‘डाव्या चाकाचं बेअरिंग बोलायलंय... नाही, रस्ताच हाय.’’ धाराशिव ते तुळजापूर वीस-बावीस किलोमीटर. पन्नासच्या वेगात हायवेवरचे ट्रकसुद्धा आम्हाला ओव्हरटेक करत होते, पण हॉर्न देऊन, हात हलवून! एका टेम्पोतल्या पोरांनी तर चालत्या गाडीतून व्हिडिओ काढला.

तुळजापूरला लांबूनच कळसाला हात जोडले आणि पुढे सोलापूरच्या बाजूला घाट उतरायला लागलो. खरी परीक्षा इथे होती. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात आणि तापले की धरेनासे होतात. चाचांनी मागून सांगितलं, ‘‘पाय नक्को. सेकंडला टाक.’’ मी दांडी ओढली. टक्! इंजिननंच गाडी धरली. पूर्ण उतार मी ब्रेकला मोजून चार-पाच वेळा पाय लावला.

खाली चहा प्यायलो. वर चढताना मी चावी पप्पांपुढे धरली. ते नको नको म्हणाले. मग म्हणाले, ‘‘पंधरा वर्षांत ही चालवली नाही.’’ आणि बसले. क्लच, दांडी, आरसा... सगळं हातांना आठवत होतं. अर्ध्या घाटात काटा वर सरकायला लागला. मला जाम टेन्शन! पप्पांनी न बोलता गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं आणि म्हणाले, ‘‘दहा मिनिटं. आबा पण इथेच थांबायचे.’’ आम्ही तिघं कठड्यावर बसून राहिलो. काटा खाली आला. निघालो.

परत आल्यावर भूमच्या खव्याचे गुलाबजाम! धाराशिवला सेलिब्रेशन दुसऱ्या कशानं होतच नाही.

12 ऑक्टोबरला दसरा. निळी पद्मिनी, बोनेटवर झेंडूचा हार, काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांतला जुना नंबर. (ती पाटी आता हॉलच्या भिंतीवर आहे. जुन्या गाड्यांनाही एचएसआरपी सक्तीची झाली, त्यामुळे गाडीला नवी आली.) खर्च? एका बऱ्यापैकी बाइकएवढा. मला कुणी विचारलं, ‘‘रीसेल व्हॅल्यू काय?’’ मी म्हटलं, ‘‘माहीत नाही, 18 हजारांच्या पुढे कधी विचारलंच नाही.’’

दिवाळीला चाचांनी शटर ओढलं. पाने नि हत्यारं विकली. एक वस्तू मात्र मला दिली, टॅपेटची पत्ती, म्हणजे फिलर गेज. व्हॉल्व्हमधली फट मोजायची ती पातळ पात्यांची जुडी. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांनी मला टॅपेट लावायला शिकवलं होतं. इंजिन थंड असताना, घाई न करता, पाती अडकतही नाही नि सैल जातही नाही अशी. पहिल्या वेळी मला चार तास लागले. आता तासाभरात होतं.

महिन्यातून दोन वीकेण्ड घरी जायचंच, हा आता नियम झालाय. एखाद्या आठवड्यात रिलीज असतं, मी टाळाटाळ करते. मग बुधवारी पप्पांचा फोन येतो.

‘‘येणारेस ना? गाडी वाट बघायलीय.’’

‘‘उद्या सांगते.’’

‘‘उद्या नको,’’ पप्पा म्हणतात. ‘‘आत्ताच सांग.’’

तुमचीही गाडी उभी आहे? मग आधी एवढं करा

● सेल्फ मारू नका. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, मुरू द्या. इंजिन आधी हातानं फिरवून बघा.

● जुनं पेट्रोल काढून टाका. टाकी, पाइप, फिल्टर, कार्ब्युरेटर साफ झाल्याशिवाय नवं भरू नका.

● रबर बदला. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, गॅस्केट त्यानं खराब होतात. इथेनॉल सोसणारे पाइप मागून घ्या. आणि पेट्रोल गळतंय का, हे रोज बघा.

● ब्रेक आधी, रंग शेवटी. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, पाइप, ऑईल, सगळं नवं. इथे काटकसर नको.

● मॅट उचलून खालचा पत्रा बघा. बजेट रंगावरून नाही, गंजावरून ठरतं.

● टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. वर्षं उलटली की नवाकोरा दिसणारा टायरही रद्दी.

● जुना पार्ट फेकू नका. दुकानात तोच दाखवायचा असतो.

● कागद आधी शोधा. आरसी कुणाच्या नावावर आहे, कधी संपली, ते बघूनच खर्चाला हात घाला.

● आणि मिस्त्री गाठा, आजच. पार्ट एखाद्या पोटमाळ्यावर सापडेल. तो बसवणारे हात कायम तिथे असतीलच असं नाही.